उत्तर यंत्राचे, कारण कोणाचे?

२०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि नागपूरच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपी यांच्यासारख्या अनुभवी खेळाडूला हरवून तो जिंकला. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते; निकाल लागला तो २८ जुलैच्या जलद डावांत. या विजयाने दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु असले सामने घरबसल्या पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या बाबतीत अलीकडे एक विलक्षण गोष्ट घडत असते, आणि तिच्याकडे शिक्षणाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनी लक्ष द्यावे अशी ती आहे. पडद्यावर पटाच्या शेजारी एक उभी पट्टी असते. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की तिचा पांढरा भाग वाढतो, काळ्याची झाली की काळा. घोड्याची अडीच घरांची चाल ज्याला जेमतेम ठाऊक आहे अशा प्रेक्षकालाही कोण जिंकत आहे हे दोन्ही खेळाडूंच्या आधी कळते. का जिंकत आहे, हे मात्र त्या पट्टीवर कोठेच लिहिलेले नसते.

ही पट्टी हलविणाऱ्या आज्ञावलीला बुद्धिबळपटू इंजिन म्हणतात. इंजिन कसे विचार करते याविषयी आपल्याकडे बरेच गूढ माजविले जाते. वस्तुतः हे गूढ उकलण्याची उत्तम जागा म्हणजे डावाचा शेवट. बहुतेक मोहरी मारली गेलेली आहेत, दोन राजे, चार-दोन प्यादी, एखादा हत्ती वा उंट उरला आहे, अशा अवस्थेला खेळाडू एंडगेम म्हणतात. मोहरी थोडी म्हणून ही अवस्था सोपी, असा नवशिक्याचा समज असतो. जाणकाराचा अनुभव उलट आहे. येथे एका घराची चूक सुधारता येत नाही.

अशा अवघड स्थिती यंत्र दोन अगदी भिन्न रीतींनी सोडविते. पहिली रीत आमच्या बदलापूरच्या कारकुनाला कोणी शिकविण्याची गरज नाही. मुंबईच्या कचेरीत दहाला पोहोचायचे असले तर तो सकाळी उठून ‘आता निघालो तर कोठवर जाईन’ असा विचार करीत बसत नाही. तो शेवटाकडून मोजतो. दहाला कचेरी, म्हणजे पावणेदहापूर्वी मुंबईचे स्टेशन, म्हणजे आठच्या आसपासची गाडी, म्हणजे घरातून निघण्याची वेळ ही. यंत्रही तेच करते. प्रथम ज्या ज्या स्थितीत राजावर मात झालेली आहे त्या सर्व स्थिती ते लिहून काढते. मग एक चाल मागे जाते. ज्या स्थितीतून एका चालीत प्रतिपक्षाला त्या यादीत ढकलता येते, ती जिंकलेली. आणखी एक पाऊल मागे, आणि ज्या स्थितीतील प्रत्येक चाल प्रतिपक्षाला जिंकलेल्या स्थितीत नेऊन बसविते, ती हरलेली. असे मागे मागे जाता जाता नवी भर पडेनाशी झाली म्हणजे जे उरले ते सारे बरोबरीचे. मोहरे मारले गेले की डाव कमी मोहऱ्यांच्या कोष्टकात जातो. म्हणून तीन मोहऱ्यांचे कोष्टक आधी, मग चारांचे, मग पाचांचे, असा हा क्रम आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. रिचर्ड बेलमन या गणितज्ञाने साठ्याचे, गुंतवणुकीचे, टप्प्याटप्प्याने घ्यावयाच्या निर्णयांचे प्रश्न शेवटच्या टप्प्याकडून सोडविण्याची जी रीत बसविली, तीच बुद्धिबळाला लावता येईल असे त्याने १९६५ साली दाखविले. त्याहीपूर्वी, १९१३ साली, झेर्मेलोने या खेळाचा तर्कशास्त्रीय पाया मांडला होता. कोणतीही स्थिती एक तर पांढऱ्याने जिंकण्याची, नाही तर काळ्याने जिंकण्याची, नाही तर बरोबरीची असते. चौथा प्रकार नाही. प्रश्न उरतो तो केवळ मोजण्याच्या खर्चाचा.

हा खर्च केवढा झाला ते पाहण्यासारखे आहे. पाच मोहऱ्यांपर्यंतची सर्व कोष्टके आज सुमारे एक जीबीत मावतात, म्हणजे खिशातल्या फोनमध्ये. सात मोहऱ्यांची कोष्टके प्रथम २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर तयार झाली. पुढे २०१८ साली सिझिगी नावाने ती अधिक आटोपशीर रूपात पूर्ण झाली. त्यांत सुमारे ४२४ लाख कोटी स्थितींचा निकाल नोंदलेला आहे. या नोंदींत चूक नाही. तेथे मत नाही, अंदाज नाही, निकाल आहे.

आणि या निकालांनी भल्याभल्या पंडितांची परीक्षा पाहिली. दोन उंट विरुद्ध एक घोडा या झुंजीत, घोड्याने विशिष्ट जागी ठाण मांडले तर बरोबरी होते, असे १८५१ पासून पुस्तके सांगत आली होती. केन थॉम्पसन या अमेरिकन संगणकतज्ञाने १९८३ साली कोष्टक काढून दाखविले की दोन उंटांची बाजू सामान्यतः जिंकते. मात्र त्याला कधी कधी ६६ चाली लागतात. आंतरराष्ट्रीय संघटनेला आपला पन्नास चालींचा नियम अशा काही स्थितींपुरता शिथिल करावा लागला, आणि पुढे तो पुन्हा सर्वत्र पन्नासांवर आणावा लागला. याच थॉम्पसनने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचा विजेता वॉल्टर ब्राउन याच्याशी शंभर डॉलरची पैज लावली होती. ब्राउनकडे वजीर, यंत्राकडे हत्ती. वजिराची बाजू जिंकते हे शाळकरी खेळाडूही सांगेल. परंतु यंत्र बचावाच्या अशा चाली करू लागले की ज्या कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. माणसाला त्या वेड्यावाकड्या वाटत. ब्राउनला पन्नास चालींत जिंकता आले नाही. त्याने हार मानली, अभ्यास केला, पुन्हा बसला, आणि दुसऱ्या खेपेस नेमक्या पन्नासाव्या चालीला हत्ती मारला. यंत्राकडून कसे शिकावे याचा इतका चांगला नमुना दुसरा मिळणार नाही. ब्राउनने कोष्टक पाठ केले नाही, ते करणे शक्यही नव्हते. आपला प्रतिस्पर्धी त्या विचित्र चाली का करतो हे त्याने शोधले.

तथापि पट सात मोहऱ्यांवर येईपर्यंत कोष्टक मुके असते. आठ मोहऱ्यांचे संपूर्ण कोष्टक अद्याप झालेले नाही. तोवर इंजिनाला खरोखरीचा शोध घ्यावा लागतो, आणि ही दुसरी रीत. स्टॉकफिशसारखे विनामूल्य मिळणारे इंजिन सेकंदाला लाखो स्थिती तपासते. पण शक्यतांची वाढ इतकी अफाट असते की केवळ वेगाने ती आवरत नाही. फांद्या छाटाव्या लागतात. सरकारी कचेरीत ज्यांनी छाननीचे टेबल सांभाळले आहे त्यांना ही छाटणी लगेच उमजेल. अर्जासोबतच्या दहा कागदांपैकी दुसराच कागद जोडलेला नसला की अर्ज परत जातो. उरलेल्या आठांत आणखी किती दोष आहेत हे कोणी पाहत नाही. एखाद्या चालीला प्रतिपक्षाकडे एक चोख उत्तर आहे असे दिसताच इंजिनही ती बाजूला सारते. ती आणखी किती वाईट आहे याची चौकशी करीत नाही. शिवाय पाहिलेली प्रत्येक स्थिती ते टिपून ठेवते. एंडगेममध्ये राजा दहा वाटांनी एकाच घरात पोहोचू शकतो. जुनी नोंद सापडली की पुन्हा हिशेब नको. लास्कर आणि राइखेल्म यांनी १९०१ साली दिलेली राजा-प्याद्यांची एक स्थिती संगणकतज्ञांनी वर्षानुवर्षे कसोटी म्हणून वापरली ती याचमुळे. तेथे पांढऱ्याला जिंकून देणारी चाल एकच आहे, आणि तिचे फळ फार दूर आहे. टिपण ठेवणारे यंत्र ती चटकन शोधते, न ठेवणारे चाचपडत राहते.

एक छाटणी मात्र एंडगेममध्ये दगा देते, आणि ती मला फार बोधप्रद वाटते. मधल्या खेळात इंजिन स्वतःला विचारते, ‘मी एक चाल सोडून दिली तरी माझे बरे चालले आहे काय?’ उत्तर होय असेल तर त्या फांदीची अधिक चिकित्सा नको. परंतु एंडगेममध्ये अशा स्थिती येतात की जेथे चाल करावी लागणे हीच आपत्ती असते. गप्प बसता आले असते तर राजा वाचला असता. नियमाने हलावे लागते आणि म्हणून तो मरतो. तेथे ‘चाल सोडून पाहा’ ही युक्ती नेमके उलटे उत्तर देते. म्हणून केवळ राजे आणि प्यादी उरली की ही युक्ती बंद ठेवण्याची तजवीज आज्ञावलीतच करून ठेवलेली असते. म्हणजे यंत्राच्या पोटातही माणसाने काढलेले एक कारण बसलेले असते. फक्त पट्टीवर ते दिसत नाही.

शोध कोठे तरी थांबवून समोरच्या स्थितीला आकडा द्यावा लागतो. पूर्वी हे मोल माणसे ठरवीत. प्याद्याला इतके, उंटाला इतके, मोकळ्या प्याद्याला वर इतके. २०२० पासून स्टॉकफिशमध्ये हे काम असंख्य स्थितींवर पढविलेले एक चेताजाल करते. खेळ त्यामुळे कितीतरी सुधारला. परंतु हा आकडा असाच का, असे विचारले तर त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनाही एका वाक्यात सांगता येणार नाही.

आकडा फसतो केव्हा? २०१७ साली रॉजर पेनरोज यांच्या नावाच्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तब्बल तीन उंट आणि प्यादी. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिने काळ्याला प्रचंड आघाडी देत होती. पण काळ्याचे वजीर-हत्ती आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे आहेत. पांढऱ्या राजाने पांढऱ्या घरांवरून स्वस्थ येरझाऱ्या घालाव्यात, काळा त्याचे काहीही करू शकत नाही. घराघरांचा रंग पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही हे समजावून सांगता येते. यंत्र मोहरी मोजत होते. माणसाने भिंत पाहिली.

ज्यांच्या ग्रंथांतून आम्ही निर्णयप्रक्रियेचे अर्थशास्त्र शिकलो ते हर्बर्ट सायमन बुद्धिबळाचे मोठे अभ्यासक होते. दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल, असे भाकीत त्यांनी सहकाऱ्यासह १९५८ साली केले; ते खरे व्हायला १९९७ चा मे महिना उजाडावा लागला, जेव्हा डीप ब्लूने कास्पारोवला हरविले. सायमन यांची अपेक्षा होती की यंत्र माणसासारखे, निवडक विचार करून जिंकेल. ते जिंकले अफाट मोजणी करून. परंतु माणसाविषयी त्यांनी जे सांगितले ते टिकून आहे. १९७३ साली त्यांनी आणि चेस यांनी दाखविले की निष्णात खेळाडूला खऱ्या डावातली मोहऱ्यांची मांडणी क्षणभर पाहून आठवते, कारण ती त्याला अर्थपूर्ण गटांत दिसते. मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याचे हे सामर्थ्य जवळजवळ नाहीसे होते. माणसाची स्मृतीदेखील अर्थाच्या आधाराने चालते. कोष्टकाच्या स्मृतीला असा आधार लागत नाही.

आपल्या मराठी मुलखात हा अर्थ शिकण्याची परंपरा जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळातील निवडक पेचस्थितींवरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. १९५५ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते होते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीला एका मंडळाच्या बळावर बुद्धिबळाचे गाव बनविले. खाडिलकर भगिनी, भाग्यश्री साठे, प्रवीण ठिपसे ही सारी पिढी इंजिनाविना घडली. त्या काळात लांबलेला डाव रात्री तहकूब होई, पुढची चाल पाकिटात बंद करून पंचांच्या हवाली केली जाई, आणि मग पाट मांडून मित्र, सहकारी आणि कधी कधी प्रतिस्पर्ध्याचे मित्रही पहाटेपर्यंत त्या एंडगेमची चिरफाड करीत. संगणक घरोघरी आले आणि १९९० च्या दशकात तहकुबीची प्रथा बंद पडली. ती बंद करणे न्यायाला धरूनच होते. पण त्याबरोबर कारण शोधण्याची एक रात्रशाळाही बंद झाली, याची खंत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आता आमच्या तीन गावांकडे वळतो. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कोपऱ्यात उभी राहून फोनवर बुद्धिबळ खेळणारी मुले मी नित्य पाहतो. मला त्याचा आनंदच वाटतो. डाव संपला की मुलगा एक कळ दाबतो. चालींवर हिरव्या-तांबड्या खुणा उमटतात, कोठे चुकले ते दिसते, आणि विठ्ठलवाडी यायच्या आत दुसरा डाव सुरू होतो. तांबडी खूण का उमटली, हे त्याने स्वतःला विचारलेले मी क्वचितच पाहिले. ही सवय त्याने बुद्धिबळात आणलेली नाही. ती त्याने आमच्याच वर्गातून, आमच्याच अपेक्षित प्रश्नसंचांतून आणली आहे. मागणीचे वक्र काढायला सांगितले तर बिनचूक काढणारा आणि किंमत वाढल्यावर मागणी का घटते असे विचारले की खाली पाहणारा विद्यार्थी आम्हाला नवा नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने घडले आहे ते असे की उत्तराची किंमत शून्यावर आली. उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातील एका खोलीत राहणाऱ्या मुलीच्या हाती आज जे इंजिन आहे तेच जगज्जेत्याच्या हाती आहे. सात मोहऱ्यांचे कोष्टकही तिला फुकट पाहता येते. समतेचा हा विजय लहान मानू नये. परंतु एखादी वस्तू फुकट झाली की तिच्या जोडीने लागणाऱ्या वस्तूला मागणी येते, आणि उत्तराच्या जोडीने लागते ते कारण सांगणारे माणूस. ते फुकट झालेले नाही. ज्याच्या घरी वा शिकवणीत असे माणूस आहे त्याच्यासाठी इंजिन हे अजोड साधन ठरते. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी ती नुसती तांबडी खूण. विषमता मिटली असे वाटते तेथे ती केवळ जागा बदलून बसली आहे. आणि हे पटापुरतेच नाही. बदलापूर-अंबरनाथकडे घर घेऊ पाहणाऱ्या कारकुनाला बँकेत सिबिलचा ३०० ते ९०० मधला एक आकडा सांगितला जातो, त्यावर कर्जाचा निर्णय होतो. तो आकडा ऐकून मुकाट्याने परत फिरणारा आणि ‘हा असा का आला?’ असे विचारून नोंदी मागवून पाहणारा, या दोन नागरिकांत जो फरक आहे तो शाळेतच पडतो.

काही निकालांचे कारण माणसाच्या आवाक्यात येतच नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सात मोहऱ्यांच्या एका स्थितीत सर्वोत्तम खेळ केला तर मातीला ५४९ चाली लागतात. त्यांतील पहिल्या काही शेकडा चालींचा हेतू कोणाही ग्रँडमास्टरला सांगता आलेला नाही. तेथे शिक्षकाने ‘मला कळत नाही’ म्हणावे. पण याचा आधार घेऊन जेथे कारण सांगता येते तेथेही गप्प बसणे हा आळस झाला.

उदाहरणादाखल रिचर्ड रेटीची १९२१ सालची स्थिती घ्या. पटावर केवळ चार मोहरी. पांढरा राजा एच-८ या कोपऱ्यात, त्याचे प्यादे सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, त्याचे प्यादे एच-५ वर. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे वजीर व्हायला निघाले आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन घरे मागे पडला आहे. त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे. हरला, असेच कोणीही म्हणेल. इंजिन क्षणार्धात सांगते, राजा जी-७, आणि पुढे आकडा शून्य, म्हणजे बरोबरी. उत्तर मिळाले. आता हे झाकून ठेवावे आणि मुलाला ‘का?’ असे विचारावे. तिरपी वाट सरळ वाटेपेक्षा लांब, हे भूमितीत खरे. पण राजाच्या पावलांत मोजले तर दोन्ही सारख्याच. म्हणून पांढरा राजा तिरका चालत एकाच पावलात दोन कामे करतो, काळ्या प्याद्याच्या जवळ सरकतो आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही निघतो. काळ्याने एक धोका टाळला की दुसरा उभा राहतो. हे ज्याला एकदा समजले तो इतर शंभर स्थितींत ते वापरील. ज्याने केवळ ‘राजा जी-७’ पाठ केले त्याच्या पटावर राजा जी-८ वर असला की तो पुन्हा अडला.

उल्हासनगरच्या कारागिरांविषयी लोक थट्टेने बोलतात की बाहेरची कोणतीही वस्तू दाखवा, ते तशीच करून देतील. या थट्टेत एक मोठी विद्या दडलेली आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचे गाव झाले तेव्हा त्या माणसांपाशी कारखाने नव्हते; तयार वस्तू खोलून, एकेक भाग सुटा करून, ती कशी बनली असेल हे उलट्या क्रमाने ताडण्याची चिकाटी होती. इंजिनाच्या उत्तराला आमच्या मुलांनी असेच वागविले पाहिजे. तयार माल म्हणून ते घ्यावे आणि खोलून पाहावे.

याला फारसा खर्च नाही. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा यांनी आपापल्या शाळांतून वा वाचनालयांतून उन्हाळ्याच्या सुटीत एक तास, आठवड्यातून दोनदा, केवळ एंडगेमसाठी द्यावा. प्रारंभीच्या चालींची पाठांतरे नकोत. रोज एक स्थिती, चार-पाच मोहऱ्यांची. मुलांनी आधी आपसात खेळावे, बाजू बदलून पुन्हा खेळावे, मग प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहावे की ही चाल का. त्यानंतरच शिक्षकाने फोन काढून यंत्राचा निकाल सांगावा. शिक्षक मोठा खेळाडू असण्याची आवश्यकता नाही. निकाल त्याच्या खिशात आहे, त्याला फक्त मुलांनी लिहिलेले कारण त्या निकालाशी जुळते की नाही हे तपासायचे आहे, आणि हे काम गणिताचा, भाषेचा, कोणत्याही विषयाचा शिक्षक करू शकेल. पहिल्या तासाला रेटीची स्थिती घेता येईल. तिला दोन राजे आणि दोन प्यादी पुरतात, त्यामुळे एका संचात एकाच वेळी पुष्कळ मुलांची सोय होत नसली तरी हरवलेल्या मोहऱ्यांचे जुने संच, जे प्रत्येक वाचनालयाच्या कपाटात पडलेले असतात, तेवढे कामाला येतील.